ऐरण म्हणजे ऐरण

दादा, दहाव्याला कावळा शिवला नाही. हे तुला सांगायलाच हवं, कारण त्यावरून रामकुंडावर जो तमाशा झाला तो बघून तू आधी हसला असतास आणि मग त्यात सगळ्यांच्या पुढे तूच झाला असतास.

कावळे नव्हते असं नाही. शेजारच्या कुटुंबाने त्यांच्या म्हाताऱ्याच्या पानात भजी ठेवली होती आणि पंचक्रोशीतले कावळे तिकडे गोळा झाले होते. आपल्या पानाकडे एकही फिरकेना. मग तुझ्या अभ्यास मंडळाचे अध्यक्ष पुढे झाले, हात जोडले आणि पिंडाला म्हणाले की सर, तुमचा ग्रंथ आम्ही वर्षाच्या आत छापू. कावळा ढिम्म. मागून कोणीतरी सुचवलं की सरांना दोन खंड हवे होते. दोन खंड कबूल झाले. मग शब्दसूची कबूल झाली. तरी कावळा भजीच खातोय. तेव्हा त्यांच्यातला एक डोळे मिटून म्हणाला की कावळा येत नाही याचाच अर्थ सर आधीच मुक्त झाले आहेत. म्हणजे आला असता तर तृप्त, नाही आला तर मुक्त. ह्यांना हरवायचं कसं?

वहिनीचा भाऊ, आपला आडगावचा झेंडूवाला बाळू, माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, कावळा हाय तो. त्याला भजी दिसली, तो तिकडं गेला." एवढ्या विद्वानांत शुद्धीवर असलेला तो एकटा. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला मोकळे झाले. वहिनी पायरीवर बसून होती. सरांची काय इच्छा राहिली असेल हो, असं तिला मात्र कोणी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. ग्रंथाच्या सुरुवातीला स्मृतिलेख हवा, तुम्ही धाकटी बहीण, तुम्हीच लिहा. लिहिते म्हटलं. मग घसा खाकरून म्हणाले, "फक्त ताई, घरगुती काही नको. वाङ्मयीन ठेवा." मी म्हटलं, बरं. मी एकतीस वर्षं सातपूरला कारखान्यात शाफ्ट मोजले, वाङ्मयीन कसं ठेवतात ते मला काय माहीत. मला मापात बसतं की नाही एवढं कळतं. तेव्हा हा लेख छापतील न छापतील, मी तो तुलाच लिहितेय.

तुझं ते काम मला पहिल्यांदा समजलं ते तू कॉलेजात संस्कृत शिकवायला लागल्यावर. शरणपूरकडच्या एका म्हाताऱ्या फादरकडे तू सायकलने जायचास आणि ग्रीक शिकून यायचास. मला वाटलं होतं, तू ग्रीकांचं ते मोठं युद्धकाव्य मराठीत आणणार. पण नाही. तुला काव्याशी काही घेणं नव्हतं. तुला त्या काव्याच्या कडेला लिहिलेल्या टिपा मराठीत आणायच्या होत्या. तू मला एका जुन्या पोथीच्या पानाचा फोटो दाखवला होतास. मधे चार बोटं कविता आणि चारही बाजूंनी मुंग्यांसारखी बारीक अक्षरं. म्हणालास, कुंदे, हे हजार वर्षांचं भांडण आहे. कवी एकदा बोलून गेला आणि त्याचं काय करायचं यावर हे सगळे भांडतायत.

आणि भांडण कशावरून, तर देव नीट वागत नाहीत यावरून. त्या काव्यातले देव एकमेकांना शिव्या देतात, मारामाऱ्या करतात, दुसऱ्यांच्या बायका पळवतात. लोक विचारायला लागले की असल्यांची पूजा कशी करायची. मग हे टीकाकार धावले सारवासारव करायला. देवांची लढाई? छे, ते उष्ण आणि थंड, कोरडं आणि ओलं यांचं भांडण आहे. सूर्याच्या देवाने रागावून छावणीत रोगाचे बाण मारले? बाण कसले, ते उन्हाचे किरण, उन्हाळ्यात साथ येतेच. त्याच कवीच्या दुसऱ्या काव्यात लढाईचा देव लोहार देवाच्या बायकोबरोबर रंगेहाथ सापडला आणि त्या लोहाराने त्याला जाळ्यात धरलं? अहो, ते लोखंड आहे, विस्तवाने ते मऊ होतं एवढंच कवीला म्हणायचंय. हे तू मला रंगवून सांगायचास, दर शनिवारी, कारण आमच्या कारखान्याला शनिवारी सुट्टी असे. मी इंदिरानगरला तुझ्याकडे यायची, वहिनी पोहे करायची आणि तू मला हवा, पाणी, विस्तव यांचं शिक्षण द्यायचास.

मी तेव्हाच म्हणायची की ही शुद्ध लबाडी आहे. तू चिडायचास. म्हणायचास, लबाडी नाही, ही श्रद्धा आहे, जे आवडतं ते टिकवण्याची धडपड आहे. आपल्याकडच्या शास्त्र्यांनी काय वेगळं केलं? मी म्हणायची, त्यांनीही लबाडीच केली. पुढच्या शनिवारी भांडण तिथूनच सुरू.

त्या टीकाकारांतली एक जात मात्र मला आवडली होती, ते मी कबूल करते. इजिप्तमधल्या त्या मोठ्या ग्रंथालयात बसलेले. ते म्हणत, कवीच्या शब्दाचा अर्थ कवीच्याच दुसऱ्या शब्दांवरून लावा, बाहेरून काही आणू नका. आणि एखादी ओळ संशयाची वाटली तर ते ती खोडत नसत. तिच्या डाव्या बाजूला एक छोटी आडवी रेघ मारत. म्हणजे ओळ आहे, वाचा, पण माझा हिच्यावर विश्वास नाही. हे तू सांगितलंस तेव्हा मी लगेच म्हटलं की हा तर आमचा होल्ड टॅग. आमच्याकडे जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, मापात नसेल तर लाल टॅग, असेल तर हिरवा, आणि मन खात असेल तर पिवळा. पिवळा लावला की तो जॉब पुढे जात नाही आणि भंगारातही जात नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून राहतो. तू उठून माझ्या पाठीत थाप मारली होतीस. नंतर तू तो होल्ड टॅग प्रत्येक भाषणात वापरलास आणि एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. चोर कुठला.

पण त्या कारखान्यात मी गेले तुझ्यामुळे, हेही लिहिते. आपले अण्णा म्हणत होते, मुलीने लोखंडाला हात लावायचा नाही. आयटीआयचा फॉर्म तू आणलास, सही तू केलीस, अण्णांसमोर उभा राहून तू म्हणालास की ती जाणार. पहिल्या दिवशी सायकलच्या दांड्यावर बसवून तू मला गेटपर्यंत सोडलंस आणि शिफ्ट सुटेपर्यंत समोरच्या टपरीवर पुस्तक वाचत बसलास. मला घाम फुटला होता आणि तू बाहेर आहेस म्हणून मी टिकले. माझ्या हातात पगार, डोक्यावर छप्पर आणि तोंडात ही जीभ, यातलं निम्मं तुझं आहे. म्हणून तर तुझा एवढा राग येतो. परक्याचा कोण कशाला करेल.

कारण त्याच माणसाने बायकोला नोकरी सोडायला लावली. वहिनी चांदवडला शाळेत शिकवायची. रोज एसटीने जा-ये, पण खुशीत असायची. मुलांच्या गमती सांगायची. लग्नानंतर चार वर्षांनी तू म्हणालास की माझ्या कामाला एक हात हवाय, तुझं अक्षर चांगलं आहे. झालं. तिने राजीनामा दिला आणि ती तुझ्या टिपांची मुद्रणप्रत लिहायला बसली. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तू चिठ्ठ्यांवर खरडायचास आणि ती मोत्यासारखं उतरवून काढायची. तीन वेळा तिने अख्खा ग्रंथ उतरवला, तीस वर्षांत. दर वेळी तुला नवीन काहीतरी सापडायचं आणि जुनी प्रत बाद व्हायची.

आता गच्चीचं. अध्यक्षांनी घरगुती नको म्हटलंय, पण मी लिहिणार.

मे महिना होता, शनिवार. मी आंब्यांची पिशवी घेऊन तीनच्या सुमाराला आले. दार तू उघडलंस. वहिनी कुठे म्हटलं, तर तू "असेल" म्हणून परत टेबलापाशी गेलास. मग मला वरून ठकठक ऐकू आली. हळू, थांबून थांबून, कोणी दमून वाजवावं तशी. जिना चढून गेले तर गच्चीच्या दाराला आतून कडी. उघडली. वहिनी उंबऱ्याशी उभी होती. कुरडया वाळत घातलेल्या धोतराचा कोपरा दुमडून तिने पायाखाली घेतला होता. चप्पल खाली राहिली होती. तळवे फोडांनी भरलेले आणि चेहरा असा लाल की मला आधी ओळखूच आली नाही. बारा वाजल्यापासून ती तिथे होती. तिचा गुन्हा काय, तर कुरडयांचा गहू किती दिवस भिजला ते तिने तुझ्या एका चिठ्ठीच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं आणि ती चिठ्ठी पिठाच्या डब्यात गेली होती. तू ओरडलास, ती कुरडया बघायला वर गेली आणि तू मागून जाऊन कडी लावलीस.

मी विचारलं तर तू मान वर न करता म्हणालास, "सवयीने लागली असेल." असेल. तुझा आवडता शब्द. सगळं आयुष्य तू त्या शब्दावर काढलंस.

आणि मी काय केलं? उगाच मोठेपणा नको, तेही सांगते. वहिनीने पायांना तूप लावलं, मोजे घातले आणि चहा केला. तो चहा मी प्यायले. तू त्या दिवशी देवांच्या सभेबद्दल बोललास आणि मी ऐकून घेतलं. कारखान्यात एका केसाएवढ्या फरकासाठी मी सुपरवायझरशी भांडायची. घरी माझी वाचा बसली. दांड्यावर बसवून नेणाऱ्या भावाला कसं बोलायचं, असं मनात आलं. माझीही लायकी तेवढीच निघाली.

त्याच वर्षी दिवाळीत तू ऐरणीची टीप वाचून दाखवलीस. देवांचा राजा एकदा बायकोवर चिडला. तिचे हात सोन्याच्या साखळीने बांधले, पायांना दोन ऐरणी अडकवल्या आणि तिला आभाळात लोंबकळत ठेवलं. बाकीचे देव खालून बघत होते आणि कोणाची सोडवायची टाप नव्हती. असं काव्यात आहे, राजा स्वतःच तिला दम देताना आठवण करून देतो. आणि तुझे टीकाकार म्हणतात की राणी म्हणजे हवा. वरचा अग्नी म्हणजे साखळी. खालच्या दोन ऐरणी म्हणजे पृथ्वी आणि पाणी. अग्नीच्या खाली हवा, हवेच्या खाली पाणी आणि माती. म्हणजे कवीने विश्वाची रचना सांगितली. केवढी प्रतिभा, असं म्हणून तू चष्मा काढून आमच्याकडे पाहिलंस.

वहिनी फराळाचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "लहान मुलांना वाचून दाखवलं तर त्यांना हवा नाही दिसायची. टांगलेली बाई दिसेल."

तू म्हणालास, ग्रंथ लहान मुलांसाठी नाही. मी म्हटलं, दादा, सातपूरला ऐरण आहे आमच्याकडे, चार माणसं लागतात हलवायला. ऐरण म्हणजे ऐरण. तू म्हणालास की तुझ्यासारख्या माणसांमुळेच रूपककथा मरते. मी म्हटलं, मरू दे. पुढे पंचवीस वर्षं तू मला "ऐरणबाई" म्हणत होतास आणि मी तुला लबाड. पण आपण दोघेही त्या काव्यातल्या राणीबद्दल बोलत राहिलो. गच्चीतल्या बाईबद्दल बोललो नाही. ती बाई दर वेळी तिथेच चहा घेऊन उभी असायची.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू माझा हात धरून म्हणालास, "कुंदे, एक राहून गेलं." मी कान लावला. मला खरंच वाटलं की आता येतं. तू म्हणालास, तिसऱ्या भागातल्या टिपांचे क्रमांक एकदा तपासून घे. मला तेव्हा तुझा इतका तिटकारा आला की मी बाहेर जाऊन बाकावर बसले. नंतर परत आत आले आणि क्रमांक तपासते म्हटलं. तू डोळे मिटलेस. तुझं कपाळ तापलं होतं, ते मी ओल्या फडक्याने पुसत राहिले. तिटकारा आणि फडकं दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. माझ्या हाताला त्यात काही अडचण आली नाही.

तेराव्यानंतर मी क्रमांक तपासायला बसले. दिला शब्द पाळायचा, तूच शिकवलंस. तिसऱ्या भागात ऐरणीच्या टिपेचं पान आलं आणि मला दिसलं. डाव्या समासात एक छोटी आडवी रेघ. पेनची, नीट पट्टीने मारलेली. अख्ख्या ग्रंथात दुसरी कुठेही नाही. मी आधीच्या दोन्ही प्रती माळ्यावरून काढल्या. पहिलीत रेघ. दुसरीत रेघ. त्याच टिपेला, त्याच जागी.

मला वाटलं, तुझी आहे. म्हटलं, चला, माझ्या दादाने तोंडाने नाही तरी हाताने कबूल केलं. मी पान घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी शेपू निवडत होती. विचारलं, ही रेघ दादाची का?

"माझी," ती म्हणाली. "उतरवताना मारली."

"आणि दादा काही बोलला नाही?"

"पाहिली त्यांनी. तिन्ही वेळा पाहिली. खोडली नाही."

ती परत शेपू निवडायला लागली. मी तिथेच पाटावर बसले. तू वहिनीची प्रत लाल पेन घेऊन तपासायचास, दादा. एक स्वल्पविराम तुझ्या नजरेतून सुटत नसे. तीस वर्षांत तीनदा तुझी नजर त्या रेघेवरून गेली. त्या रेघेचा अर्थ काय हे नाशकात तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तू ती ठेवलीस आणि गप्प बसलास. लोक याला तुझा मोठेपणा म्हणतील. मला नाही वाटत. न समजणाऱ्याला मी केव्हाच माफ केलं असतं. तुला तर सगळं समजत होतं. मी रडले, कोणासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. वहिनीने पदराने हात पुसले आणि माझ्यासमोर पाणी ठेवलं.

काल अध्यक्ष हस्तलिखित न्यायला आले. सोफ्यावर बसून त्यांनी पानं चाळली आणि त्यांना बरोबर तीच रेघ दिसली. म्हणाले, हा डाग टाइप करताना काढून टाकू. मी म्हटलं, डाग नाही, खूण आहे, ती राहील, नाहीतर हे गाठोडं परत माळ्यावर जाईल. तसंच प्रत कोणी सिद्ध केली ते पहिल्या पानावर नावानिशी येईल, "पत्नीचे सहकार्य" असं चालणार नाही. ते वहिनीकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, ती मला आवरेल. ती आवरेना, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. पण खूण ठेवली तर तिला टीप लागेल. वाचकाला काय समजणार?"

वहिनी म्हणाली, द्या इकडे पेन. तिने पान मांडीवर घेतलं. तीस वर्षं तिने तुझी वाक्यं त्या कागदांवर उतरवली होती. स्वतःचं पहिलं वाक्य तिने काल त्याच मोत्यासारख्या अक्षरात रेघेच्या शेजारी लिहिलं. "मे महिना होता. गच्ची तापली होती. पायात चप्पल नव्हती."

अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग मान डोलावत म्हणाले, "वा. गच्ची म्हणजे इथे संसार, असंच ना?"

वहिनी माझ्याकडे बघून हसली. त्या घरात ती तशी हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मी त्यांना म्हटलं, नाही हो. गच्ची म्हणजे हीच, वरची, जिना चढून गेलात की डाव्या हाताला. दादा, तुला हे कोणाला विचारावं लागलं नसतं.